पकडशक्ती (क्रीडा)

पकडशक्ती म्हणजे बोटे, अंगठा व तळहात यांच्या साहाय्याने एखादी वस्तू घट्ट दाबण्याची, चिमटीत धरण्याची किंवा उचलून पेलण्याची क्षमता होय. मल्लखांब, कुस्ती, कबड्डी, पंजा, प्रस्तरारोहण इत्यादी क्रीडाप्रकारांत ती यशाचा पाया असते. केवळ पकडीचीच कसोटी पाहणाऱ्या स्वतंत्र स्पर्धा विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांत रूढ झाल्या. महाराष्ट्रात असा वेगळा खेळ परंपरेने नव्हता. परंतु तालमींतील व्यायामपद्धतीत पकडीच्या सरावाला महत्त्वाचे स्थान आहे.

शरीररचना व प्रकार

बोटे मिटविणारे मुख्य स्नायू हातात नसून अग्रबाहूत असतात. त्यांच्या कंडरा मनगटातील अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत पोहोचतात. अंगठा व करंगळी यांच्या बुडाशी असलेले लहान स्नायू या क्रियेला साहाय्य करतात. मनगट किंचित मागे झुकलेले असताना पकड सर्वाधिक बळकट असते. ते पुढे दुमडले की बोटांची ताकद घटते. त्यामुळे मनगट स्थिर राखणारे, अग्रबाहूच्या मागील बाजूचे स्नायूही तितकेच महत्त्वाचे ठरतात.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी इ.स. १९५६ मध्ये हाताच्या पकडीचे बलपकड व सूक्ष्म पकड असे दोन मूलभूत प्रकार मांडले. क्रीडाक्षेत्रात पकडीचे पुढील तीन प्रकार मानले जातात :

- दाबपकड : वस्तू मुठीत धरून दाबणे. हस्तांदोलन व स्प्रिंगचा ग्रिपर मिटविणे ही याची उदाहरणे होत.
- चिमटपकड : अंगठा व बोटे यांच्यामध्ये सपाट वस्तू धरणे. येथे अंगठ्याची ताकद निर्णायक ठरते.
- आधारपकड : भार किंवा स्वतःच्या शरीराचे वजन दीर्घकाळ पेलणे. दोरीला लोंबकळणे, पाण्याने भरलेली बादली वाहून नेणे यांत हिचा उपयोग होतो.

महाराष्ट्रातील परंपरा

मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या ग्रंथात आढळतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या व्यायामाचे पुनरुज्जीवन केले. मल्लांना पूरक व्यायाम म्हणून तो तालमींत रुजला. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल तेल लावतात. त्यामुळे लाकूड घसरडे होते आणि केवळ हातांवर विसंबून भागत नाही. मांड्या, पोटऱ्या व पावले यांचीही पकड लागते. पूर्वी वेतावर केला जाणारा प्रकार पुढे सुती दोरीवर होऊ लागला. दोरीच्या मल्लखांबात दोरीला गाठ न मारता, पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमटीत ती धरून वर चढतात. येथे पकड सुटणे म्हणजे थेट खाली पडणे असल्याने प्रशिक्षक आधी पकड व उतरण्याची पद्धत पक्की करून घेतात आणि मगच अवघड आसने शिकवितात.

कुस्तीच्या तालमीत पकडीसाठी वेगळा तास नसतो. ती रोजच्या कामातून घडते. फावड्याने हौद्यातील माती उकरणे, दोरावर चढणे, मुद्गल, करेला व गदा फिरविणे या सर्वांत मूठ सतत आवळलेली राहते. गदेचे वजन दांड्याच्या टोकाशी असल्याने ती खांद्यामागून फिरविताना मनगटावर मोठा ताण येतो. प्रत्यक्ष लढतीत मनगट, मान व घोटा धरण्यासाठी या सरावाचा उपयोग होतो. धरलेले मनगट सोडवून घेताना मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या अंगठ्याच्या दिशेने झटका देतो, कारण मुठीचा तोच भाग सर्वांत कमकुवत असतो. मातीवरील कुस्तीत लंगोट किंवा जांघिया धरण्याची मुभा असते. आंतरराष्ट्रीय नियमांच्या गादीवरील कुस्तीत पोशाख धरण्यास मनाई असल्याने पकड थेट घामेजलेल्या अंगावरच घ्यावी लागते.

कबड्डीत चढाई करणाऱ्याला अडविण्याच्या कौशल्याचे नावच ‘पकड’ असे आहे. घोटा, गुडघा, मांडी, मनगट अशा अवयवांवरून तिचे प्रकार ओळखले जातात.

नांदुरा व विदर्भ

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे तालुक्याचे ठिकाण मुंबई–हावडा लोहमार्गावर आणि मलकापूर–खामगाव–अकोला या राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. महामार्गालगतची १०५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती ही या गावाची ओळख आहे. हनुमान हे तालमींचे आराध्यदैवत मानले जाते. आखाड्यात उतरण्यापूर्वी त्याला वंदन करण्याची प्रथा महाराष्ट्रभर आहे.

याच महामार्गावर पूर्वेकडे असलेल्या अमरावती येथे वैद्य बंधूंनी इ.स. १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. विदर्भात भारतीय व्यायामप्रकारांना शिस्तबद्ध शिक्षणाचे स्वरूप देण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. इ.स. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईतील शिवाजी पार्क येथे झाली.

स्पर्धा

पकडशक्तीच्या आधुनिक स्पर्धांची मुळे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील व्यावसायिक शक्तिप्रयोगांत आहेत. इंग्लंडच्या थॉमस इंच यांचे सुमारे ७८ किलोग्रॅम वजनाचे डंबेल सुमारे ६ सेंटिमीटर जाडीच्या मुठीमुळे प्रसिद्ध झाले. अनेक बलवान व्यक्तींना ते एका हाताने उचलता आले नाही, कारण जाड दांड्याभोवती बोटे पूर्ण मिटत नाहीत व वजन हातातून फिरून निसटते.

इ.स. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील आयर्नमाइंड कंपनीने ‘कॅप्टन्स ऑफ क्रश’ हे निरनिराळ्या कठीणतेचे ग्रिपर बाजारात आणले. त्यांतील क्रमांक ३ च्या ग्रिपरची कठीणता सुमारे १२७ किलोग्रॅम, तर क्रमांक ४ ची सुमारे १६६ किलोग्रॅम सांगितली जाते. क्रमांक ३ मिटविल्याचे पहिले प्रमाणपत्र इ.स. १९९१ मध्ये रिचर्ड सोरिन यांना मिळाले. आजच्या स्पर्धांत ग्रिपर मिटविणे, जाड दांडा दोन्ही हातांनी उचलणे, फिरत्या मुठीचे वजन एका हाताने उचलणे व चिमटीत वजन पेलणे हे प्रमुख प्रकार असतात.

भारतात या क्रीडेला सर्वांत जवळचा लोकप्रिय खेळ म्हणजे पंजा. त्यात केवळ दंडाचे बळ पुरत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या बोटांवर ताण आणून त्याची पकड उघडणे हा महत्त्वाचा डाव असतो. इ.स. २०२३ मध्ये प्रो पंजा लीगचा पहिला हंगाम झाला. त्यात महाराष्ट्राच्या राजधानीच्या नावाचा ‘मुंबई मसल’ हा संघ होता.

प्रशिक्षण व दुखापती

पकडीच्या सरावात भार हळूहळू वाढविला जातो. स्नायूंच्या तुलनेत कंडरा व अस्थिबंध सावकाश बळकट होतात. त्यामुळे ताकद वाढल्याचे जाणवताच रोज पूर्ण जोर लावणाऱ्या नवशिक्यांना दुखापत होण्याचा धोका असतो. कठीण सरावानंतर विश्रांतीचे दिवस ठेवणे आवश्यक मानले जाते. बोटे मिटविण्याच्या व्यायामाबरोबरच, बोटांभोवती रबर अडकवून ती उघडण्याचा व्यायामही केला जातो.

कोपराच्या आतील बाजूस होणारी वेदना, बोटांच्या कंडरांना धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना इजा, तळहाताचे घट्टे फाटणे या सामान्य दुखापती होत. बोटांना वारंवार मुंग्या येणे हे मनगटातील चेताणूवर दाब येत असल्याचे लक्षण असू शकते. श्वास रोखून दीर्घकाळ मूठ आवळल्यास रक्तदाब वाढतो. म्हणून उच्च रक्तदाब असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच असा सराव करावा, असे सांगितले जाते.

मापन व आरोग्य

पकडशक्ती हस्तबलमापक या उपकरणाने किलोग्रॅममध्ये मोजतात. सामान्यतः व्यक्तीला बसवून, कोपर काटकोनात ठेवून अनेक प्रयत्न घेतले जातात. आशियाई तज्ज्ञगटाच्या इ.स. २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांत २८ किलोग्रॅमपेक्षा व स्त्रियांत १८ किलोग्रॅमपेक्षा कमी पकड हे स्नायुबल घटल्याचे लक्षण मानले जाते.

भारतासह १७ देशांतील सुमारे १,४०,००० व्यक्तींचा अभ्यास इ.स. २०१५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात पकडशक्ती दर ५ किलोग्रॅमने कमी असल्यास मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला. हा संबंध कार्यकारणाचा पुरावा नव्हे; कमकुवत पकड ही एकूण शरीराच्या क्षीणतेची खूण असू शकते. तरीही अल्प खर्चात व काही मिनिटांत होणारी ही चाचणी, जेथे मोठी वैद्यकीय साधने उपलब्ध नसतात अशा ग्रामीण भागात विशेष उपयुक्त ठरू शकते.