युसुफ आदिलशाह आणि सोलापूरचा किल्ला

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी उभा असलेला भुईकोट किल्ला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. या किल्ल्यासाठी दोन सुलतानी घराणी पिढ्यान्‌पिढ्या झुंजली. त्यांपैकी विजापूरच्या घराण्याचा मूळपुरुष युसुफ आदिलशाह याच्या चरित्राकडे आम्ही येथे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

युसुफ हा तुर्की वंशाचा. इराणातील सावा या गावी तो वाढला. म्हणूनच पोर्तुगीज त्यास 'सबाईओ' म्हणत. फरिश्ता या इतिहासकाराच्या मते तो उस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा पुत्र होय. इ.स. 1451 मध्ये मुराद वारला व नव्या सुलतानाने भावांचा काटा काढण्याचे ठरविले, तेव्हा मातेने एका गुलाम मुलास त्याच्या जागी ठेवून युसुफला व्यापाऱ्याबरोबर गुप्तपणे इराणात धाडले, असे हा ग्रंथकार सांगतो. रफिउद्दीन शिराझी मात्र त्याचा संबंध आक कोयुनलू या तुर्कमान घराण्याशी जोडतो. दोघेही विजापूर दरबारच्या आश्रयाचे, आणि दोघांच्या वंशावळी निरनिराळ्या! आमच्या मते, पुढे गादीवर बसलेल्या वंशजांस राजकुळाची आवश्यकता भासली, यातच या कथांचे मूळ शोधावे. जन्माच्या दाखल्यावाचून मोठेपण मान्य न करण्याची खोड आपल्या देशास नवीन नाही. फरिश्त्याच्याच कथेत ज्या गुलाम मुलाचा बळी गेला, त्याचे नावदेखील त्याने नोंदविलेले नाही.

निश्चित आहे ते एवढेच, की युसुफ दख्खनेत आला तो विकत घेतलेला गुलाम म्हणून. बहमनी वजीर महमूद गावान याच्या आश्रयाने तो वर चढला. 1481 मध्ये गावानचा वध झाला, बहमनी सत्ता खिळखिळी झाली, आणि 1490 च्या सुमारास युसुफ विजापुरास स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या कुळातील स्त्रीशी त्याने विवाह केला. तीच बुबूजी खानम. 1502 च्या सुमारास त्याने शिया पंथाचा खुतबा वाचविला, तथापि सुन्नी सरदारांस आपापल्या रीतीने प्रार्थना करण्याची मोकळीक ठेवली. त्या काळच्या राज्यकर्त्यांत हे औदार्य विरळाच म्हटले पाहिजे. शेजारी सुलतान चालून आल्यावर मात्र त्यास हा खुतबा काही काळ मागे घ्यावा लागला.

1510 च्या आरंभी आल्बुकर्कने गोवे घेतले. युसुफने ते मे महिन्यात परत जिंकले. त्याच वर्षी तो मरण पावला, आणि 25 नोव्हेंबरला पोर्तुगिजांनी गोवे पुन्हा हस्तगत केले. गादीवर आला अल्पवयीन इस्माईल. कारभारी कमालखान याने सोलापूर व त्याखालील साडेपाच परगणे जिंकून घेतले, आणि मग त्याची नजर प्रत्यक्ष सिंहासनाकडे वळली. तेव्हा बुबूजी खानमने युसुफची दूधबहीण दिलशाद आगा हिच्यासह स्वतः शस्त्र धरून राजवाडा लढविला व मुलाची गादी राखली.

याच बुबूजीची कन्या मरियम. 1524 मध्ये सोलापुरातच तिचा विवाह अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी झाला. हुंड्यात सोलापूरचा किल्ला व साडेपाच परगणे देण्याचे ठरले होते. इस्माईलने ते दिले नाहीत, आणि दोन मेहुण्यांत युद्ध जुंपले. त्या लढाईत बुऱ्हाणचा पराभव झाला, पण वाद मिटला नाही. पुढे किल्ला निजामशाहीकडे गेला. 1565 च्या तालिकोटच्या लढाईपूर्वी हुसेन निजामशाहाने आपली कन्या चांदबिबी अली आदिलशाहास दिली, तेव्हा हाच किल्ला पुन्हा हुंडा म्हणून विजापूरकडे आला.