महिन्याचा पहिला सोमवार



गेल्या महिन्यात लॅबमध्ये चहाच्या वेळी माझ्या लिखाणाचा विषय निघाला. आमचा एक ज्युनिअर म्हणाला, "ताई, तू लिहितेस बरं, पण चार महिने गायब असतेस आणि मग एकदम तीन लेख टाकतेस. लोक टिकणार कसे? रोज काहीतरी पोस्ट कर, रील कर, वेळ ठरवून टाक." गाईड शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "आधी थिसिसचं तिसरं प्रकरण वेळ ठरवून दे." सगळे हसले. मीही हसले.

पण प्रश्न डोक्यात राहिला. माझी फेलोशिप संपायला सात महिने उरलेत. अशा वेळी महिन्यातले दोन-तीन दिवस या लिखाणाला द्यायचे की नाही? आणि द्यायचेच असतील तर वाचक जमतात तरी कशानं? जाहिरातीनं, चांगल्या मजकुरानं, की नुसत्या नेमानं? विज्ञानाच्या विद्यार्थ्याला असा प्रश्न पडला की तो आधीचा डेटा शोधतो. मी शोधत शोधत थेट १६६५ सालच्या लंडनमध्ये पोचले. तिथं मला हेन्री ओल्डेनबर्ग भेटला.

हा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. त्याच्या नावावर एकही नियम नाही, एकही शोध नाही. जन्म जर्मनीतल्या ब्रेमेनचा. १६५३ मध्ये तो ब्रेमेनचा दूत म्हणून इंग्लंडला आला आणि तिथंच रमला. मग रॉबर्ट बॉइलच्या (हो, तोच, बॉइलच्या नियमाचा) भाच्याचा शिक्षक झाला आणि त्या पोराला घेऊन दोन-तीन वर्षं युरोपभर हिंडला. या हिंडण्यात त्यानं एक गोष्ट कमावली, ती म्हणजे ओळखी. कोणत्या गावात कोण दुर्बीण घासतोय, कोण प्रेतं चिरून शरीररचना बघतोय, हे त्याला माहीत झालं. १६६० मध्ये लंडनला रॉयल सोसायटी सुरू झाली आणि १६६२ च्या सनदेत ओल्डेनबर्गचं नाव दोन चिटणिसांपैकी एक म्हणून आलं. काम भरपूर होतं, पगार मात्र नव्हता. तो मिळायला १६६९ साल उजाडलं.

तेव्हा संशोधनाची बातमी पसरायची ती पत्रांनी. एखाद्याला काही नवं दिसलं की तो मित्राला पत्र लिहायचा, मित्र ते चार जणांना वाचून दाखवायचा. नाहीतर दहा वर्षं थांबून जाडजूड ग्रंथ काढायचा. मधलं काहीच नव्हतं. ही मधली जागा ओल्डेनबर्गनं हेरली. त्यानं ठरवलं की पत्रांतून येणाऱ्या बातम्या छापायच्या आणि विकायच्या. सोसायटीनं १ मार्च १६६५ ला परवानगी दिली. त्या ठरावात एक तपशील आहे, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : पुरेसा मजकूर असेल तर अंक दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी निघावा.

६ मार्च १६६५ ला पहिला अंक निघाला. मी कॅलेंडर लावून पाहिलं, इंग्लंडच्या तेव्हाच्या जुन्या कालगणनेनुसार तो सोमवारच होता! नियतकालिकाचं नाव 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'. पानं फक्त सोळा. आत काय होतं? रोममध्ये सुधारलेल्या दुर्बिणीच्या भिंगांची बातमी, गुरूवर दिसलेला डाग, थंडीवर बॉइलचं काम, बर्म्युडाजवळची देवमाशांची शिकार, एक विचित्र जन्मलेलं वासरू, आणि फर्मा या गणितज्ञाच्या निधनाची नोंद. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर अगदी मिसळ. पण प्रत्येक तुकडा छोटा आणि ताजा, आणि तो कुठून आला हे सांगितलेलं.

हे सगळं त्यानं स्वतःच्या जोखमीवर केलं. नफा-तोटा सोसायटीचा नाही, त्याचा. त्याला वाटलं होतं, यावर घर चालेल.

पुढं काय झालं ते बघा. मार्चमध्ये पहिला अंक निघाला आणि उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेग पसरला. सोसायटीच्या बैठका बंद पडल्या, राजा दरबार घेऊन शहराबाहेर गेला, सभासद पांगले. ओल्डेनबर्ग शहरातच राहिला. जुलैचा अंक निघाला आणि मग छपाईच थांबली. नोव्हेंबरमध्ये अंक पुन्हा सुरू झाला, तो ऑक्सफर्डहून छापून. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १६६६ मध्ये, लंडनला मोठी आग लागली. सेंट पॉल चर्चच्या आसपास पुस्तकवाल्यांची दुकानं होती, त्यांचा माल जळून खाक झाला. त्याच्या पुढच्या वर्षी इंग्लंड आणि हॉलंडचं युद्ध चालू असताना सरकारला वाटलं की हा जर्मन माणूस परदेशांत इतकी पत्रं लिहितो म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. जून १६६७ मध्ये त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकलं. दोनेक महिन्यांनी, ऑगस्टअखेर सुटला. सप्टेंबरमध्ये पुढचा अंक हजर!

मी साधा हिशोब केला. मार्च १६६५ ते जून १६७७ या काळात १४८ महिने होतात. ओल्डेनबर्गनं काढलेले अंक १३६. अगदी पहिलाच सोमवार नेहमी साधला नाही, तारीख पुढं-मागं झाली, पण सरासरी काढली तर जवळपास ९२ टक्के. प्लेग, आग आणि तुरुंग धरून. आम्हाला कोर्सवर्कला ७५ टक्के हजेरी भरताना नाकी नऊ येतात.

आता कोणी म्हणेल, मग ज्युनिअरचं बरोबरच आहे, नेम पाळा, वाचक आपोआप येतील. मलाही आधी तसंच वाटलं. पण तुलनेसाठी पॅरिसकडे बघूया. तिथं 'जर्नल दे सावाँ' हे नियतकालिक ओल्डेनबर्गच्याही दोन महिने आधी, ५ जानेवारी १६६५ ला सुरू झालं होतं. ते साप्ताहिक होतं, म्हणजे नेम आणखी कडक. त्यात मुख्यतः नव्या पुस्तकांची परीक्षणं असत. संपादकाच्या तिखट शेऱ्यांनी मोठमोठे लोक दुखावले आणि तीन महिन्यांतच ते बंद करावं लागलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या संपादकानं ते पुन्हा सुरू केलं, पण काही वर्षांतच त्याचा उत्साह ओसरला आणि वर्षाचे अंक बोटांवर मोजण्याइतके निघू लागले. ते जर्नल पुढं सावरलं, हे खरं. पण तेव्हा फरक कुठं पडला?

माझ्या मते फरक पत्रांमध्ये आहे. ओल्डेनबर्गचा अंक हा त्याच्या कामाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग म्हणजे त्याचं टपाल. त्याचा पत्रव्यवहार विसाव्या शतकात संपादित होऊन छापला गेला, तो तेरा खंड भरला. तीन हजारांहून जास्त पत्रं! आलेल्या पत्राला तो उत्तर द्यायचा आणि उत्तरात आणखी एक प्रश्न घालायचा. अमक्याला असं दिसलंय, तुम्हाला काय वाटतं? समोरचा माणूस पुन्हा लिहायचा. त्यातलं निवडक पुढच्या अंकात जायचं. अंक वाचून तिसराच कोणीतरी लिहायचा. म्हणजे वाचक होता तोच लेखक होत होता.

या टपालाचा खर्च हीसुद्धा गंमतच आहे. तेव्हा पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याला भरावे लागत आणि परदेशी टपाल महाग. बिनपगारी चिटणिसाला ते परवडणार कसं? त्यानं शक्कल लढवली. परदेशातल्या लोकांना सांगितलं की पत्रावर पत्ता 'मस्यू ग्रुबेन्डोल, लंडन' असा लिहा. ग्रुबेन्डोल म्हणजे ओल्डेनबर्गच्याच नावातली अक्षरं उलटसुलट केलेली. ती पत्रं सरकारी कचेरीत जात, तिथून त्याला फुकट मिळत, आणि बदल्यात पत्रांत आलेल्या राजकीय बातम्या तो कचेरीला देई. ज्या सरकारनं त्याला तुरुंगात टाकलं त्याच सरकारच्या खर्चानं त्यानं विज्ञानाचं टपाल चालवलं.

या पद्धतीचं सगळ्यात गोड फळ म्हणजे लेवेनहूक. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, लॅटिन न येणारा. १६७३ मध्ये एका डॉक्टरच्या शिफारशीनं त्याचं पहिलं पत्र ओल्डेनबर्गकडे आलं. ओल्डेनबर्गनं ते छापलं आणि आणखी लिहा म्हणून कळवलं. लेवेनहूक डचमध्ये लिहायचा, ओल्डेनबर्ग भाषांतर करायचा. ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात लेवेनहूकनं पाण्यात दिसलेल्या इवल्या जिवांबद्दल लिहिलं आणि १६७७ मध्ये ते इंग्रजीत छापून आलं. मायक्रोबायोलॉजीचं पहिलं पान आपण ज्याला म्हणतो, ते एका चिटणिसानं वेळेवर दिलेल्या उत्तरामुळं लिहिलं गेलं असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आपल्याकडचा धागाही यात आहे. १६६७ च्या एका अंकात ओल्डेनबर्गनं चक्क सुरतेसाठी प्रश्नांची यादी छापली. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. तिथल्या इंग्रज वखारीकडे जाणाऱ्या लोकांनी काय काय बघून यावं, याची ती यादी. त्यात एक प्रश्न असा : खाणीतून हिरे काढले की काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा हिरे तयार होतात का? आज हसू येतं. पण छापील पानावर "आम्हाला माहीत नाही, तुम्ही बघून सांगा" असं म्हणण्याची हिंमत मला फार आवडली.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे 'यशाची पाच सूत्रं' छापाचं होईल. या सगळ्यातून ओल्डेनबर्गला काय मिळालं? त्याच्याच म्हणण्यानुसार वर्षाला ४० पौंडांच्या वर नाही, म्हणजे जेमतेम घरभाडं. शिव्याही खाल्ल्या. १६७२ मध्ये त्यानं न्यूटनचा प्रकाश आणि रंगांवरचा लेख छापला, त्यावर आक्षेपांची पत्रं येऊ लागली. ती न्यूटनकडे पोचवणारा हाच. न्यूटन इतका वैतागला की सोसायटीच सोडतो म्हणाला, मग त्याची समजूत काढणाराही हाच. हूकला तर वाटे की हा आपल्या कल्पना परदेशात पुरवतो. वाचक आणि लेखक जोडणाऱ्याच्या वाट्याला दोन्हीकडचा राग येतो.

सप्टेंबर १६७७ मध्ये ओल्डेनबर्ग वारला. त्यानंतर आणखी सहाच अंक निघाले आणि १६७९ च्या सुरुवातीला ट्रान्झॅक्शन्स थांबलं. हूकनं त्याऐवजी स्वतःचं प्रकाशन काढलं, तीन-चार वर्षांत त्याचे सात अंक झाले. हूक ओल्डेनबर्गपेक्षा कितीतरी मोठा शास्त्रज्ञ होता, पण महिन्याच्या महिन्याला अंक काढणं आणि टपाल सांभाळणं हे वेगळंच काम. ट्रान्झॅक्शन्स पुन्हा सुरू झालं १६८३ मध्ये. सोसायटीनं त्याची जबाबदारी अधिकृतपणे घेतली १७५२ मध्ये, आणि ते आजही निघतं. मी ज्या जर्नल्समध्ये पेपर छापून यावा म्हणून देव पाण्यात ठेवते, त्या सगळ्यांचं हे मूळ.

तर ज्युनिअरला माझं उत्तर असं : तू अर्धं बरोबर सांगितलंस. ठरलेला दिवस हवाच, कारण वाचकाला आपली वाट बघायची सवय लागायला काहीतरी धरून ठेवायला लागतं. पण ठरलेल्या दिवशी नुसती दवंडी पिटून लोक टिकत नाहीत. ते टिकतात कारण त्यांच्या पत्राला कोणीतरी उत्तर देतं.

हे लिहिता लिहिता मी माझी इनबॉक्स उघडली. मराठवाड्यातल्या एका शाळेतल्या बाईंचा मेल जूनपासून तसाच पडलेला होता. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू मुलांना कसे समजावू, असं त्यांनी विचारलं होतं. हाच तर माझ्या पीएच.डी.चा विषय. पाच महिने मी उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याच पाच महिन्यांत "कोणी वाचत नाही" म्हणून कुरकुर मात्र केली होती. काल रात्री बसून त्यांना दोन पानी उत्तर लिहिलं. शेवटी एक प्रश्नही घातला : मुलांनी यावर काय विचारलं ते कळवाल का?

तिसरं प्रकरण अजून बाकी आहे, त्यामुळं रोजचं काही माझ्याच्यानं होणार नाही. महिन्याचा पहिला सोमवार मात्र नक्की. तुमच्या मनात काही असेल तर लिहा. या वेळी पाच महिने लागणार नाहीत.