इसवी

इ.स. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने दाभोळ जाळले. यातल्या 'इ.स.'मधले 'इसवी' मात्र पोर्तुगीजांचे नव्हे. अरबीत येशू म्हणजे 'ईसा'. त्यावरून 'ईसवी', आणि फारसीच्या वाटेने मराठीत. दाभोळची गलबते इराणकडच्या होर्मुझला जात, तिकडच्या बोलीशी कोकणाचा घरोबा जुनाच.

त्याच इराणातल्या ख्रिस्ती चर्चची गोष्ट मोठी गमतीची. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस म्हणे, मेरीला 'देवमाता' नको, 'ख्रिस्तमाता' म्हणा. एवढ्यावरून ४३१ च्या एफेसस परिषदेने त्याला पदावरून काढले! ४५१ मध्ये कॅल्सिडॉनच्या परिषदेने ख्रिस्ताच्या एकाच व्यक्तीत दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव ठरवले. इराणी चर्चने मात्र एफेससचा निवाडा मानला नाही.

या चर्चचा धागा कोकणाशीही जुळतो. सहाव्या शतकातला प्रवासी कोस्मास 'कल्लियाना' येथे इराणात नेमलेला बिशप असल्याचे नोंदवतो. ते आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात.