छद्मविंचवाचे नामकरण : वर्गीकरणाच्या इतिहासातील एक प्रकरण

युरोपात वृक्षांच्या सालीखाली राहणारा ‘चेर्नीस सिमिकॉइडीस’ हा छद्मविंचू अवघा काही मिलिमीटर लांबीचा आहे. लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याच्या आप्तजातींचा समावेश गोचीडसदृश ‘अ‍ॅकॅरस’ प्रजातीत केला. त्यांचे शिष्य फॅब्रिसियस यांनी १७९३ मध्ये प्रस्तुत जातीस ‘स्कॉर्पिओ सिमिकॉइडीस’, म्हणजे ढेकणासारखा विंचू, असे नाव दिले. वस्तुतः त्यास विंचवाची शेपटी नाही. विष असते ते पुढील चिमट्यांत. १८५५ मध्ये मेंगे यांनी ‘चेर्नीस’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. तथापि अग्रक्रमाच्या नियमानुसार ‘सिमिकॉइडीस’ हे जातिनाम कायम राहिले. सारांश, शास्त्रीय नाव हे केवळ ओळखचिन्ह नसून बाह्य साम्यावर विसंबलेल्या तत्कालीन दृष्टीचा तो ऐतिहासिक दस्तऐवजही ठरतो.