कोपराला सूट नाही

‘लहान पोराचं हाड हाये, वाढता वाढता सरळ होईल.’ खापरखेड्यात हे फक्त हाडवैद्यच म्हणतो असं नाही, शिकलेली माणसंही म्हणतात. त्यात तथ्य आहेच. मनगटाजवळ किंवा खांद्याजवळ मोडलेलं मुलाचं हाड थोडं वाकडं जुळलं, तरी पुढे बरंचसं वळणावर येतं. पण हाच न्याय कोपराला लावला की घात होतो. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते, कोपराकडे जेमतेम २० टक्के. जिथे वाढच अपुरी, तिथे वाकडेपण भरून कशाने निघणार? पुढे-मागे गेलेला कल काहीसा सुधारतो. आतल्या बाजूला वळलेलं कोपर मात्र तसंच राहतं.

दवाखाना लांब, ही सबब मेळघाटात चालेल. वीज केंद्र आणि कोळसा खाणींच्या या गावातून नागपूरचं मेयो किंवा मेडिकल रुग्णालय तासाभरात गाठता येतं. इथला उशीर रस्त्याचा नाही, हाडवैद्यावरच्या भरवशाचा आहे.

त्या भरवशाची खरी किंमत रक्तपुरवठा मोजतो. कोपराच्या जरा वर हाड मोडलं की आत सूज चढते, आणि वरून कामट्यांचा करकचून पट्टा बसतो. स्नायूंचं रक्त तुटलं तर साधारण सहा तासांत ते मरू लागतात. जर्मन शल्यविशारद रिखार्ड फोल्कमान यांनी १८८१ मध्ये हे मांडलं, आणि तेही आवळलेल्या बँडेजांकडे बोट दाखवून. म्हणजे दोष एकट्या हाडवैद्याचा नाही. डॉक्टरांचं घट्ट प्लास्टरही तेवढंच गुन्हेगार. मुलाची बोटं हलकेच सरळ केली आणि ते कळवळलं, किंवा गोळी देऊनही रडणं वाढतच गेलं, तर पट्टा तिथल्या तिथे सोडायचा आणि निघायचं. सकाळची वाट पाहायची नाही.

‘आता उशीर झाला, काही उपयोग नाही,’ हे दुसरं टोकही तितकंच चुकीचं. हात गरम आहे, नाडी लागते, तर पहिल्या आठवड्यात, कधी त्यानंतरही, भूल देऊन हाड जागेवर आणून तारांनी धरता येतं. दोन-तीन आठवड्यांनी नवं हाड धरू लागलं की ओढाताण करण्यापेक्षा ते जुळू द्यावं. उरलेलं वाकडेपण पुढे बाहेरच्या बाजूची पाचर कापून काढता येतं. कोपराच्या बाहेरच्या टोकाचा तुकडा सरकला असेल, तर मात्र वाट पाहणं महागात पडतं. तो बरेचदा जुळतच नाही, कोपर बाहेर झुकत जातं आणि वर्षांनंतर करंगळी बधिर होते. सूज दोन्ही प्रकारांत सारखीच, म्हणून चाचपून निदान होत नाही, एक्स-रे लागतोच.

राहिली मालिश. पट्टा सुटल्यावर कोपर आखडलेलं असतं, मग तेल लावून रोज ओढून सरळ करायचं, अशी रीत. जबरदस्तीने ताणल्याने आखडणं वाढतं, कधी स्नायूतच हाड तयार होतं. मुलाला घास स्वतः उचलू द्या, चेंडू झेलू द्या. कोपर आपल्या गतीने, काही महिन्यांत बरंचसं मोकळं होतं.