विकर इंधनघट

विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, साहाय्याने साखरेसारख्या इंधनातून थेट वीज मिळवणारा विद्युतघट. घड्याळ, संवेदक, शरीरात बसवायची उपकरणे अशा अल्प विजेच्या कामांसाठी याचा अभ्यास होतो.

रचना : ऋणाग्रावरचे ग्लुकोज ऑक्सिडेजसारखे विकर ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढते. ते उपकरणातून फिरून धनाग्रावर येतात आणि तेथे लॅकेजसारखे विकर ऑक्सिजनचे पाणी करते. विकर ठरावीक रेणूलाच हात लावते, त्यामुळे मधला पडदा वगळून घट अगदी बारीक करता येतो. मधुमेही बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवतो तेव्हा ऋणाग्रावरचीच क्रिया होते. तेथे प्रवाह मोजतात, येथे तो वापरतात.

इतिहास : पहिला घट १९६४ मध्ये अमेरिकेत याहिरो, ली व किंबल यांनी केला. २००३ मध्ये टेक्सास विद्यापीठात अ‍ॅडम हेलर यांच्या गटाने ७ मायक्रोमीटर जाडीचे दोन कार्बनतंतू द्राक्षात खुपसून ०.५२ व्होल्टला २.४ मायक्रोवॉट शक्ती मिळवली. सालीजवळ ऑक्सिजन जास्त, म्हणून शक्तीही तेथेच जास्त. या विषयातला इतका देखणा प्रयोग दुसरा नाही. २००७ मध्ये सोनीने ३९ मिलिमीटरच्या घनाकृती घटातून ५० मिलिवॉट मिळवले आणि असे चार घट जोडून वॉकमन वाजवला. २०१० मध्ये ग्रेनोबल येथे उंदराच्या शरीरात घट बसवला गेला.

ऊसपट्ट्याच्या संदर्भात : बेळगाव, संकेश्वर, निपाणी हा भाग उसाचा, तेव्हा उसाचा रसच या घटाचे इंधन व्हावा असे वाटेल. मात्र उसाच्या रसात मुख्यतः सुक्रोज असते आणि ग्लुकोज ऑक्सिडेजला ते चालत नाही. इन्व्हर्टेज या विकराने ते आधी फोडून ग्लुकोज व फ्रुक्टोज करावे लागते. तोडलेला ऊस गाडीतच दोन-चार दिवस उन्हात तापला की ही फोड आपोआप सुरू होते आणि साखरेचा उतारा पडतो. रसात चुना घालण्यामागे ही फोड रोखणे हेही एक कारण आहे. म्हणजे कारखाना जी साखर वाया गेली म्हणतो, तीच या घटाचे इंधन. तेव्हा अडचण इंधनाची नाही, विकराची आहे.

मर्यादा : विकर टिकत नाही, बहुतेक घट काही दिवसांत किंवा आठवड्यांत मंदावतात. शिवाय एकटे ग्लुकोज ऑक्सिडेज एका रेणूतले दोनच इलेक्ट्रॉन काढते, उपलब्ध असतात २४. व्हर्जिनिया टेक येथील झांग यांच्या गटाने २०१४ मध्ये १३ विकरांची साखळी लावून माल्टोडेक्स्ट्रिन या शर्करेतले जवळपास सगळे इलेक्ट्रॉन काढून दाखवले.

अल्कोहोल घट : मिथेनॉल व एथेनॉलवर चालणारेही बनवले गेले आहेत.