कंदिलाची काच

पालघर-बोईसर पट्ट्यातील आजच्या मुलांना कंदिलाची काच पुसणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागते. दिवेलागणीपूर्वी राखेने काच घासायची, वात कातरायची, शिधापत्रिकेवर मिळालेले रॉकेल जपून ओतायचे. मग त्या पिवळसर वर्तुळात गुडघे टेकून रोजरी. वर्तुळाबाहेर काळोख होता, म्हणूनही सारे घर एकत्र बसत असे. सगळे श्रेय भक्तीला देणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

१९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. देशातील ते पहिलेच. समुद्रकाठी तयार झालेली वीज तारांवरून दूरच्या शहरांकडे जाई. आसपासच्या कित्येक पाड्यांवर मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे चिमणीच जळत राहिली. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटचे दोन नवे संच आले. ते २००५ व २००६ साली सुरू झाले. त्यांच्यापायी पोफरण व अक्करपट्टी ही गावेच उठली. ज्या ओट्यांवर कंदील टांगले जात, ते ओटेही गेले. विजेचे बिल आम्ही दरमहा बारकाईने वाचतो. ही दोन नावे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

हल्ली वीज गेली, की जो तो आपापला मोबाईल पेटवतो आणि आपापल्या खोलीतच बसून राहतो.